परमुलखातला गडी

फुटबॉलशी माझा संबंध आला तो गुडघा गेल्यामुळं. कुंडलच्या तालमीत वाढलेल्या पोराला फुटबॉल म्हणजे पी.टी.च्या तासाला शाळेच्या पटांगणात लाथाडायची वस्तू. गावात खेळ एकच. पहाटे जोर-बैठका, मग हौदा खणणं, दुपारी झोप, संध्याकाळी लढती आणि रात्री थोरल्या पैलवानांची मालिश. सरावाच्या एका लढतीत पट काढताना माझा उजवा गुडघा आतून फाटला. मिरजेच्या डॉक्टरांनी पाय हलवून बघितला आणि वडिलांना सांगितलं, "चालेल, सायकल मारेल, शेती करेल. कुस्ती नाही." परतीच्या एस.टी.त वडील एक शब्द बोलले नाहीत.

मागं उरली ती मालिश, आणि ती मला चांगली येत होती. वस्ताद पडल्या पडल्या सांगायचे, "बोटानं नको, अंगठ्याच्या मुळानं दाब." शंभर किलोच्या गड्याच्या मांडीतली गाठ तेलाच्या अंगठ्याखाली बरोबर सापडते. ती एकदम फोडायची नसते, कडेकडेनं सैल करत आणायची असते. वास्कोला बंदरात कामाला असलेल्या माझ्या मामांच्या कानावर आलं, की एका फुटबॉल क्लबाला मालिश करणारा माणूस पाहिजे आहे. २००१ च्या पावसाळ्यात मी वास्कोला उतरलो आणि पुढची पाचएक वर्षं तिकडंच राहिलो. पण ही हकिकत माझी कमी आणि तिथं भेटलेल्या घानाच्या एका खेळाडूची जास्त आहे. त्याचं नाव लिहीत नाही, क्लबाचंही नाही. दोघांनाही ते आवडणार नाही, कारणं वेगवेगळी.

त्या काळात गोव्याच्या फुटबॉलला भरती होती. राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झालेली. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, वास्को अशा क्लबांचे संघ कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालला घाम फोडायचे. परदेशी खेळाडूंना संघात जागा मोजक्याच, आणि सगळ्या हंगामाचा भार त्या जागांवर. नायजेरियाचे, घानाचे, ब्राझीलचे गडी यायचे. घानाचा युसिफ याकुबू चर्चिल ब्रदर्सकडून खेळायचा. २००१-०२ आणि २००२-०३ अशी लागोपाठ दोन वर्षं लीगमध्ये सर्वांत जास्त गोल त्याचेच. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर त्याच्या पायात चेंडू आला, की समोरच्या संघाचे लोकसुद्धा उभे राहायचे. घानाचाच सुले मुसा ईस्ट बंगालचा कर्णधार होता. जुलै २००३ मध्ये ईस्ट बंगालनं जकार्त्याला जाऊन आसियान क्लब स्पर्धा जिंकली, ती त्याच्या नेतृत्वाखाली.

जकार्ता हे नाव आमच्या भागाला त्याआधीपासून ठाऊक. १९६२ च्या आशियाई खेळांत कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी तिथंच कुस्तीत सुवर्णपदक मिळवलं आणि त्याच खेळांत भारताच्या फुटबॉल संघानंही. चाळीस वर्षांनी भारतातल्या क्लबाला तिथं कप उचलायला घानाचा कप्तान लागला, यात कुणाला कमीपणा वाटला असेल. मला वाटला नाही. कुंडलचं कुस्ती मैदान बघत वाढलेल्या माणसाला बाहेरचा गडी नवा नसतो. आमच्या हौद्यात पंजाब, हरियाणा, दिल्लीचे पैलवान उतरतात, अलीकडं इराणचेही आले. गाव बघतं ते डाव. आडनाव नंतर विचारतं.

आमचा गडी याकुबूसारखा नामांकित नव्हता. कुमासीजवळच्या एका खेड्यातला. बापाची कोकोची थोडी बाग. लहानपणी तांबड्या धुळीच्या मैदानावर अनवाणी खेळलेला, मग तिकडच्या पोरांच्या संघांतून वर आलेला. एका एजंटानं बेल्जियमचं नाव सांगून चुलत्याकडून पैसे घेतले आणि त्याला उतरवलं ते केरळात, कालिकतला. त्याला वाटलं, हा मधला थांबा असेल.

मलप्पुरमच्या बाजूला सात-सात गड्यांचा फुटबॉल खेळतात. ते ऐकल्यावर मी मालिश थांबवून त्याच्याकडं बघत राहिलो, कारण तो सांगत होता ते सगळं आमच्या मैदानासारखं होतं. कापणी झालेल्या शेतात बांबूच्या गॅलऱ्या उभ्या करतात, रात्री दिवे लावून सामने होतात, माणूस मावत नाही. आफ्रिकेचा गडी असला की तिकीट जास्त खपतं. पैसे सामन्यावर. खेळलास तर मिळाले, नाही खेळलास तर नाही. घानाचा असो की लायबेरियाचा, तिथं सगळ्यांना सरसकट 'सुदानी' म्हणतात. त्यात राग नसतो, उलट लाडच असतो. एका खोलीत सात-आठ जण राहायचे. पाय मुरगळला तरी पट्टी आवळून उतरायचं, कारण खोलीचं भाडं पायावर. तिथल्या दोन हंगामांनंतर कुणीतरी त्याला गोव्यात चाचणीला आणलं आणि आमच्या क्लबानं ठेवून घेतलं.

पहिल्या वेळी तो माझ्या टेबलावर पालथा पडला तेव्हा मांडीच्या मागं हात ठेवताच मला कळलं, की ही मांडी दोनदा तरी फाटून जुळलेली आहे. खाली स्नायू होता आणि त्यात सुपारीएवढी कडक जागा. मी विचारलं, "ही कधीची?" तो म्हणाला, "कुठली? मला तर काही नाही." मी पुन्हा दाबली तेव्हा त्यानं टेबलाची कड धरली. मग हळूच म्हणाला, "कोचला सांगू नकोस." मी सांगितलं नाही. तालमीतही हाच रिवाज. पैलवानाची दुखरी जागा मालिशवाल्याला ठाऊक असते, वस्तादालाही पैलवान आपणहून सांगेल तेव्हाच.

क्लबाच्या डॉक्टरांकडून मला एक गोष्ट नव्यानं कळली. ताजी दुखापत चोळायची नाही. आमच्याकडं मार बसला की गरम तेल आणि शेक. तिथं आधी बर्फ, पट्टी, पाय वर, आणि दोन दिवस हात लावायचा नाही. फाटलेल्या जागी आतून रक्त सुटलेलं असतं, चोळलं की ते पसरतं. मात्र जुनी, घट्ट बसलेली गाठ सोडवायची वेळ आली की डॉक्टरसाहेब स्वतः म्हणायचे, "कुंडलकरांना बोलवा." क्लबात माझं नाव तेच पडलं होतं.

त्याला खोली मिळवून देणं हे मालिशीपेक्षा अवघड काम निघालं. मडगावच्या आसपास आम्ही किती दारं ठोठावली असतील! फोनवर खोली रिकामी असायची. आम्ही दारात उभे राहिलो की ती नुकतीच गेलेली असायची. रविवारी मैदानावर त्याच्या नावानं ओरडणारी माणसं हीच. एका म्हाताऱ्या बाईनं शेवटी वरचा मजला दिला. तिचा मुलगा आखातात होता. ती म्हणाली, "माझा पोरगापण तिकडं कुणाच्या तरी घरात परकाच आहे." भाडं तिनं बाजारभावानंच घेतलं, एक रुपया कमी नाही.

संध्याकाळच्या मालिशीला तो बोलायचा. इंग्रजी, त्यात थोडी हिंदी, मलबारात शिकलेले चार मल्याळी शब्द. घानाच्या खेळाडूंच्या गोष्टी त्याच्याकडून ऐकल्या. सी. के. जॅम्फी हा १९६० साली जर्मनीत फोर्टुना ड्युसेलडॉर्फकडून खेळायला गेला आणि परत येऊन त्यानं घानाला प्रशिक्षक म्हणून तीनदा आफ्रिकेचा कप जिंकून दिला. आबेदी पेले १९९३ साली मार्सेकडून युरोपचा कप जिंकला. पण तो सर्वांत जास्त वेळा सांगायचा ती नी लॅम्प्टीची गोष्ट. १९९१ ला सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक घानानं जिंकला आणि लॅम्प्टी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. सोळाव्या वर्षी बेल्जियमच्या अँडरलेख्तकडून खेळू लागला. ब्राझीलच्या पेलेनंतरचा पेले म्हणून त्याच्याकडं बोट दाखवायचे. पोरगं धड शाळेत गेलेलं नव्हतं; एजंटानं पुढं केलेल्या कागदांवर काय लिहिलंय हे न कळता सह्या करत गेलं आणि हॉलंड, इंग्लंड, इटली, अर्जेंटिना, तुर्कस्तान, चीन असं इकडून तिकडं विकलं गेलं. नंतर त्यानं अक्रात शाळा काढली. आमचा गडी म्हणायचा, "बघ, त्यानं शाळा काढली."

आमच्या भागातला बाहेरदेशी गेलेला मोठा गडी म्हणून मी त्याला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. मातीत घडलेला माणूस १९४८ ला लंडनला गादीवर उतरला आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, गावोगाव वर्गणी झाली. कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढं पोलिसांत नोकरी केली आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. आमच्या गड्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "घर सुटलं का मग, प्राचार्यांचं?" खाशाबांची गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितली आहे. हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही.

२००३ साली आमच्या गावच्या कुस्ती मैदानाला मी त्याला घेऊन आलो. हंगाम सुरू व्हायला अवकाश होता. वास्कोहून गोवा एक्स्प्रेसनं रात्री मिरजेला, तिथून पहाटेच्या पॅसेंजरनं किर्लोस्करवाडीला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथल्या माळावर कारखाना उभारला, त्याआधी ते स्टेशन कुंडल रोड म्हणून ओळखलं जाई. हे मी त्याला सांगितलं, कारण स्टेशनावर आमच्या गावाचं नाव नाही याचं मला लहानपणापासून वाईट वाटत आलंय.

घरी आईनं त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, कांदा. मी चमचा आणायला उठलो, तर त्यानं उजव्या हातानं भाकरी मोडली आणि आमटीत बुडवली. घानात शेंगदाण्याचं कालवण रोजचं, आणि डाव्या हातानं जेवणं तिकडंही वाईट समजतात. आई म्हणाली, "वळण हाय पोराला." तिच्याकडून एवढी पावती मिळायला आम्हाला वर्षं लागली होती.

चुलते बांधावरून थेट त्याला बघायला आले.

"पाव्हणं, तुमच्याकडं ऊस हाय का?"

मी सांगितलं, ऊस फारसा नाही, यांची कोकोची बाग आहे, त्याचं चॉकलेट होतं.

"दर कोण ठरिवतं?"

सरकार ठरवतं, हंगामाच्या सुरुवातीला, असं तो म्हणाला.

"आन् पैसं?"

तो हसला. कधी लगेच, कधी वाट बघायची. चुलत्यांनी मान हलवली आणि तंबाखूची पिशवी त्याच्यापुढं धरली. त्यानं घेतली नाही, पण माणूस आपल्यातला आहे हे चुलत्यांच्या लेखी ठरलं.

दुपारी गावातल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं त्याला प्रतिसरकारची हकिकत सांगितली. क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, इंग्रज असतानाच इथल्या गावांनी चालवलेला स्वतःचा कारभार, न्यायनिवाडे, आणि ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ अडवलेली पगाराची रेल्वे. मी इंग्रजीत सांगत होतो. त्यानं घानाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते एन्क्रुमा यांचं नाव घेतलं, ६ मार्च १९५७ ला त्यांचा देश स्वतंत्र झाला ते सांगितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आपल्या क्लबाची पगाराची गाडी कुणी लुटली, ते विचार की यांना." तेव्हा आमचे दोन महिन्यांचे पगार थकले होते.

मैदानावर खरी गंमत झाली. सहा फुटांचा, काळाभोर, मानेचा कणा ताठ असा माणूस बघून कमिटीतल्या एकानं मला बाजूला घेतलं. "कुठल्या आखाड्याचा? वजन किती? जोड लावायची का?" मी म्हटलं, फुटबॉलचा खेळाडू आहे. तो निराश झाला, पण पाहुणा वाया घालवायचा नाही म्हणून त्याला फेटा बांधला, श्रीफळ दिलं आणि माईकवरून पुकारलं, "घानाहून खास आलेले पाव्हणे यांच्या हस्ते पुढची कुस्ती लावण्यात येत आहे." हलगी कडाडली. तो बूट काढून हौद्यात उतरला. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माती बघून त्यानं आपणहून काढले. दोन पोरांचे हात हातात देऊन तो बाहेर आला तेव्हा उतारावरची माणसं शिट्ट्या मारत होती. त्यानं खाली वाकून चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली, वास घेतला. हळद, लिंबू, ताक, तेल हे सगळं त्या मातीत असतं. तो म्हणाला, "आमच्याकडं अशीच लाल. फक्त जेवणाचा वास नाही येत."

एका मोठ्या कुस्तीत पंजाबचा एक गडी आमच्या भागातल्या पैलवानाकडून घिस्सा डावावर चीत झाला. तिथल्या तिथं कमिटीच्या टेबलाशी त्याला ठरलेली रक्कम मोजून दिली. आमच्या गड्यानं ते बारीक नजरेनं बघितलं.

"हरला ना तो?"

हरला.

"तरी पैसे? आज? रोख?"

म्हटलं, ठरलेलं असतं. जिंकणाऱ्याला जास्त, हरणाऱ्याला कमी, पण दोघांनाही जाग्यावर.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी चुकीचा खेळ निवडला." आणि पुढच्याच अर्ध्या तासात त्यानं मत बदललं. खालच्या नंबरच्या एका जोडीत उत्तरेकडचा एक तरुण पैलवान पाठीवर न पडता खांद्यावर आदळला. हात लोंबकळला. दोघांनी त्याला उचलून कडेला आणलं, कुणीतरी पाणी मारलं, कुणीतरी हात ओढून बसवायला निघालं. मी ओरडून थांबवलं आणि त्याच्याच टॉवेलची झोळी करून हात गळ्यात बांधला. पैसे त्यालाही मिळाले, प्रामाणिकपणे, खिशात कुणीतरी नोटा कोंबल्या. गाडी मात्र मिळेना. सगळ्या गाड्या मैदानाच्या गर्दीत अडकलेल्या. तो पोरगा तासभर लिंबाच्या बुंध्याशी बसून होता आणि हौद्यात पुढची कुस्ती चालू होती. आमचा गडी त्याच्याजवळ जाऊन बसला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तो एक नंबरची कुस्ती बघायला उठला नाही, आणि एवढ्या लांब आणून एक नंबरची कुस्ती दाखवता आली नाही याची मला तेव्हा चुटपुट लागली होती.

पुढच्या वर्षी, ५ डिसेंबर २००४ ला, बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, धेंपो आणि मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल मारता मारता गोलरक्षकावर आदळला, खाली पडला आणि उठला नाही. पंचवीस वर्षांचा होता. सामना धेंपो जिंकलं. त्याच्या अंगावरचा दहा नंबर धेंपोनं नंतर कुणाला दिला नाही. आम्ही ते क्लबाच्या खोलीत टीव्हीवर बघत होतो. बातमी आली तेव्हा परदेशी खेळाडू एका कोपऱ्यात आणि बाकीचे दुसऱ्या कोपऱ्यात असे आपोआप वेगळे झाले. तसं कुणी ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो टेबलावर आला, पण पडला नाही, बसूनच राहिला. म्हणाला, "मला काही झालं तर माझ्या घरी कोण कळवणार?" मी म्हटलं, क्लब कळवेल. "क्लबाकडं एजंटाचा नंबर आहे. माझ्या घरचा नाही." मग त्यानं मार्कर घेतला, माझ्या तेलाच्या बाटल्यांच्या पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला त्याच्या खेड्यातल्या फोनच्या दुकानाचा नंबर लिहिला. शेजारी आईचं नाव. आठवड्याभरात त्या झाकणावर नायजेरियाचे दोन नंबर आणि ब्राझीलचा एक असे आणखी तीन नंबर आले. मणिपूरच्या एका पोरानंही लिहिला. त्याला कुणी परदेशी म्हणत नसे, पण त्याचंही गाव लांबच होतं.

२००५ च्या हंगामात ती जुनी मांडी तिसऱ्यांदा गेली. धावता धावता मागून कुणी दगड मारावा तसा तो थबकला आणि वळून बघितलं. तेव्हाच मला कळलं. या वेळी बर्फानं आणि माझ्या अंगठ्यानं भागणारं नव्हतं. चार महिने बसावं लागलं. करारात दुखापतीबद्दल एक ओळ होती. ती त्यानं सही करताना वाचलीही होती. लॅम्प्टीसारखा तो न वाचता सही करणारा नव्हता. पण वाचून तरी काय करणार होता? परतीच्या तिकिटाला पैसे नव्हते. दुखापतीच्या काळात पगार निम्मा, तोही थकलेला. हंगाम संपल्यावर करार पुढं चालवला नाही, आणि दुसऱ्या क्लबात खेळायला जी बदलीची कागदपत्रं लागतात ती थकबाकीचा हिशोब मिटेपर्यंत अडकून पडली. शेवटी त्यानं थकलेल्या पगारावर पाणी सोडलं तेव्हा कागद सुटला. मी तेव्हा तिथंच नोकरीला होतो आणि गप्प राहिलो. माझाही पगार त्याच तिजोरीतून येत होता.

इथून पुढची त्याची कारकीर्द चार ओळींत संपते. कोलकात्याला सामन्यावर पैसे घेऊन खेळला. तिकडं त्याला खेप म्हणतात. मग मालदीव, मग पुन्हा मलप्पुरमची सात गड्यांची मैदानं. दर खेपेला मोकळा पैसा आला की कुमासीला सिमेंटचे ब्लॉक घेऊन टाकायचा. घर असंच ब्लॉकाब्लॉकानं उभं राहिलं. धाकट्या बहिणीला नर्सिंग शिकवलं. २०१० च्या आधी तो कायमचा घरी गेला. आता ब्लॉक पाडायचं छोटं यंत्र आहे आणि संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो. घानाच्या राष्ट्रीय संघात तो कधी नव्हता. युरोपात कधी पोचला नाही. त्याच्या नावाची एक ओळही कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. पण भारतात येणाऱ्या बहुतेक आफ्रिकन खेळाडूंची कारकीर्द याकुबूसारखी नसते, याच्यासारखी असते.

मी २००६ साली गावी परत आलो. त्याच वर्षी घाना पहिल्यांदा विश्वचषकात खेळलं. १७ जूनला चेक संघाविरुद्धच्या सामन्यात दुसऱ्याच मिनिटाला असामोआ ग्याननं गोल मारला, तेव्हा कुंडलच्या तालमीत लंगोट वाळत घातलेल्या दोरीखाली टीव्हीपुढं बसलेली पोरं अशी ओरडली की शेजारच्या घरातला दिवा लागला. फुटबॉलमधलं त्यांना शष्प कळत नव्हतं. पाव्हण्यांचा संघ, एवढंच. २०१० च्या जुलैत उरुग्वेविरुद्धचा सामना आमच्याकडं मध्यरात्री लागला. शेवटच्या क्षणी सुआरेझनं गोलात जाणारा चेंडू हातानं अडवला, ग्यानची पेनल्टी आडव्या दांडीवर बसली आणि पुढं घाना हरलं. एक पोरगा म्हणाला, "आमच्यात असं केलं असतं तर पंचांनी मैदानाबाहेर काढला असता." मी म्हटलं, इथंही काढलाच की. "मग घाना हरलं कसं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तोच ग्यान, घानासाठी ५१ गोल करणारा, इंग्लंड, अबू धाबी, चीन करून २०१९ साली गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळायला आला. आमचा गडी फोनवर म्हणाला, "त्याच्या करारात दुखापतीची ओळ नक्की वेगळी असेल."

आमच्याकडची कुस्तीची मैदानं आता मोठी झाली आहेत. इनामं तेव्हा हजारांत होती, आता लाखांत आहेत, गदा आहेत, गाड्या आहेत, कुस्त्यांचं थेट प्रक्षेपण होतं. परगावचे, परराज्यातले, परदेशातले गडी येतात, आणि त्यांच्या मांडीत, खांद्यात, मानेत काय काय जुळलेलं असतं ते आयोजकांना ठाऊक नसतं. मैदान भरवणाऱ्या आमच्या भागातल्या सगळ्या कमिट्यांना माझं सांगणं आहे. फेटे चार कमी बांधा. एक डॉक्टर आणि एक गाडी मैदानाच्या तोंडाशी मोकळी उभी ठेवा, गर्दीत आत नको. आणि पाहुण्या गड्याचं नाव पुकारण्याआधी त्याच्या घरचा फोन नंबर कमिटीच्या वहीत लिहून घ्या. त्याच्या वस्तादाचा किंवा मध्यस्थाचा नको, घरचाच घ्या.